मोझेसकाकांच्या जागेची बोली

हॅरो बेंड, जॉर्जिया
२० फेब्रुवारी २०११

चि. लेमुएल यास,
अर्नेस्टीनचे अ. उ. आ.

तुझी पाठ कशी आहे? इकडे सगळे ठीक. कालवं यंदा चांगली भरली आहेत. तुझ्या वाटची मी खाल्ली.

आता ऐक. मोझेसकाकांच्या जागेची घरपट्टी थकली म्हणून कौंटीच्या कचेरीने ती लिलावाला काढली आहे. पेपरात मालकीण म्हणून काकांच्या वर्डेलचं नाव छापून आलं. लोक ते वाचून मला दाखवायला येतात, जणू मला डोळे नाहीत. वर्डेल जॅक्सनव्हिलला गेली ती गेलीच. मी तिला दोनदा कळवलं, उत्तर नाही. मावशीच्या मयतीला तिने आणलेला लिंबाचा केक बाजारचा आहे असं मी म्हणाले होते, ते तिने अजून गिळलेलं नाही. बाजारचाच होता.

पण खाडीवर जायची आपली वाट त्या जागेतून आहे. गोल्फवाल्या कंपनीचा तो हॅल्स्टेड हल्ली तिथे पँट वर खोचून फिरतो. पलीकडच्या तीन जागा त्याने अशाच लिलावात उचलल्या आणि तारेचं कुंपण घातलं. म्हणून मी ठरवलंय, बोली मी लावणार. मयतीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. मला पुरायचं चर्चवाले बघतील.

तिथल्या थंडीत लोभ गोठू देऊ नकोस.
तुझी ताई,
अर्नेस्टीन


टोलेडो, ओहायो
२५ फेब्रुवारी

ती. अर्नेस्टीनताईस,
लेमुएलचा शि. सा. न.

पाठ बरी होती, तुझं पत्र वाचून परत धरली.

आमच्या चर्चमधल्या एका वकिलीणबाईंना मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते नीट वाच. लिलावात पैसे त्याच दिवशी रोख भरायचे. खत तुझ्या नावावर होईल, पण जागा लगेच तुझी होणार नाही. मालकाला वर्षभर सवलत असते. त्याने तुझे पैसे आणि वर त्यांचा पाचवा हिस्सा आणून ठेवला की जागा त्याला परत. तोपर्यंत तू तिथे राहायचं नाही, छप्पर दुरुस्त करायचं नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. खर्च केलास तर तो बुडाला म्हणून समज. वर्ष उलटल्यावर मालकाला रीतसर नोटीस द्यायची, आणि मग जागेवरचा हक्क पक्का करायला कोर्टाची पायरी आहेच. जागा आधी डोळ्यांनी बघ, दुसरं काही कर्ज आहे का ते कचेरीत जाऊन पाहा, असंही त्या म्हणाल्या.

हे पैसेवाल्यांचे धंदे आहेत, ताई. त्यांना वर्षभर थांबायला परवडतं. आणि उद्या लोक म्हणतील की अर्नेस्टीनने बहिणीची जागा लाटली. वर्डेल तर म्हणेलच. घरी बस, ही विनंती.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
लेमुएल


हॅरो बेंड
३ मार्च

चि. लेमुएल यास,
अ. उ. आ.

बसले नाही. कचेरीत जाऊन पाहिलं, त्या जागेवर पट्टीशिवाय दुसरा बोजा नाही. जागा बघायची तर मी जन्मभर बघत आले आहे.

मंगळवारी कचेरीच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. सगळे कोट घातलेले पुरुष आणि मी चर्चच्या हॅटमध्ये. एकाने मला विचारलं की आजी, तुम्ही चुकून आलात का, टपाल कचेरी पलीकडे आहे. मी त्याला म्हटलं की मला तिकिटं नकोत, जमीन हवी आहे.

पट्टी आणि खर्च धरून चार हजारांपासून बोली सुरू झाली. हॅल्स्टेड शंभर-शंभरने चढवत होता, माझ्याकडे न बघता. सहा हजारांवर मला घाम फुटला, कारण माझ्या पिशवीत त्याहून फार नव्हते. मग मी शेजारच्या माणसाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्या जागेत गाडी जाते ती माझ्या अंगणातून, कागदावर तिथे रस्ता नाही, आणि माझ्या अंगणातून कोणाची गाडी जाते ते मी बघतेच. हॅल्स्टेडने कागद उलटून पाहिले. परत उलटून पाहिले. सहा हजार शंभरला खत माझं झालं.

पायऱ्या उतरताना तो मागून आला आणि म्हणाला की खत मला विका, अंगणातून रस्ताही लिहून द्या, आत्ता दीडपट देतो. मी म्हटलं की दीडपट देण्याइतकी जागा चांगली असेल तर मीच ठेवते. घरी येऊन मात्र हॅटसकट पांघरुणात शिरले. हे फक्त तुला सांगते.

वर्डेलला कळवलं आहे. फक्त एक ओळ: तुझी जागा मी घेतली.

लोभाला खिळा ठोकायला वकिलीणबाईंची मनाई नाही ना?
ताई


जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा
१४ मार्च

अर्नेस्टीन,

नमस्कार-आशीर्वाद काही लिहीत नाही.

तुझी आधीची पत्रं मिळाली होती, फोडली नाहीत. हे फोडलं कारण पाकीट पातळ होतं, वाटलं तू मेल्याची बातमी असेल.

खरं सांगायचं तर ती जागा मी मनातून सोडली होती. नवरा गेल्यावर पट्टी भरायचं बळ राहिलं नाही. कंपनीने घेतली असती तर दोन दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. पण तू? माझ्या बापाच्या अंगणात तू टोपली घेऊन फिरणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार की ही माझी जागा? ते मी जिवंतपणी बघणार नाही.

मला वर्षाची सवलत आहे म्हणे. वर्ष ठेव तुझ्याकडे. नवऱ्याची बोट विकायला काढली आहे. तुझा पाचवा हिस्सासुद्धा तोंडावर टाकीन. तोवर माझ्या अंजिराला हात लावू नकोस.

तुझी कोणीही नसलेली,
वर्डेल


हॅरो बेंड
१९ जून

चि. लेमुएल यास,
अ. उ. आ.

वर्डेल मे महिन्यातच आली. पैसे आणले, आणि कचेरीतल्या बाईसमोर माझ्याकडून ते तीनदा मोजून घेतले. मी खत सोडून दिलं. पाचव्या हिश्श्यावर पाणी सोड असं तू लिहिलंस. नाही सोडलं. सोडलं असतं तर तिने तो उपकार समजून परत माझं तोंड पाहिलं नसतं. पुरे घेतले म्हणून आता ती ताठ मानेने माझ्या दारावरून जाते. जागा सोडवून परत जायची होती, पण गेली नाही. छप्पर घालून घेतलं, भेंडी लावली. तुला वाटतं मी हे सगळं आधीच योजलं होतं. नाही रे. मला वाट हवी होती. ती चिडून घर सोडवायला येईल हे डोक्यातही नव्हतं.

परवा हॅल्स्टेड तिच्याकडे गेला. मी कुंपणापाशी उभी होते. तो तिला म्हणाला की तुमच्या बहिणीने तुम्हाला लुबाडलं, आम्ही भरपाई देऊ. वर्डेलने त्याला सांगितलं की मला लुबाडायचा हक्क आमच्या घरातल्या माणसांचा आहे, बाहेरच्यांनी रांग लावू नये. मग माझ्याकडे बघून म्हणाली की तू काय ऐकतेस. एवढंच बोलणं झालं.

आता शेजारच्या पर्व्हिसबाईंची जागाही लिलावासाठी पेपरात आली आहे. त्या वृद्धाश्रमात आहेत, मुलं कुठे आहेत कोणालाच ठाऊक नाही. ती घ्यावी म्हणते. कोणी सोडवायला आलं तर देऊन टाकू, पण मुलं सापडेपर्यंत तरी तिथे तारेचं कुंपण नको. वर्डेलने दिलेला पाचवा हिस्सा आणि मयतीचे पैसे माझ्याकडे आहेतच. काल तिने निरोप धाडला की बोटीचे उरलेले तीही घालणार आहे, आणि मी हॅल्स्टेडपुढे फार लवकर घाबरते असं तिने कुठूनसं ऐकलंय, म्हणून बोली ती लावील.

जुलैचा पहिला मंगळवार. गाडी एकच आहे, तिची. वाटेत बोलायचं असं काही ठरलेलं नाही.

लोभ कर, आणि जमलं तर चार पैसेही धाड.
ताई