टेबलमुक्त अंबड

२ फेब्रुवारी १९९९, सकाळ
नाशिकच्या प्रोग्रामर बंधूंनो! आपला निम्मा जन्म प्रोग्रॅममधली वस्तू मोडून डेटाबेसच्या टेबलांत, म्हणजे रकान्यांत, भरण्यात आणि टेबलांतून काढून पुन्हा जोडण्यात जातो! (इंजिनियर क्लबात द्यायच्या भाषणाची सुरुवात. जमली.) ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये वस्तू अख्खी ठेवायची. मोडतोड नाही. कोड कमी, खर्च कमी.

५ फेब्रुवारी
अंबडच्या पंप कारखान्याच्या स्टोअरमधल्या मालाच्या नोंदी याच पद्धतीवर नेणार. आमचं एकमेव गिऱ्हाईक. भागीदार मनोज म्हणाला, टेबलं चालतायत ना, कशाला हात लावतोस? चाळीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणाला, कर बाबा, पण आता बोलणं थांबव. पटलं त्याला.

२६ फेब्रुवारी
नऊ आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत. ऑब्जेक्ट डेटाबेसवर केलेलं वाचन वाया जात नाही.

३ मार्च
स्टोअरच्या सरिताबाईंनी विचारलं, दोन वर्षं न हललेला माल कोणता? म्हटलं, त्याचा प्रोग्रॅम लिहावा लागेल, परवा देतो. म्हणाल्या, जुन्यावर मी चहा येईस्तोवर काढायचे. बाईंना दूरदृष्टी नाही.

११ मार्च
बाईंना प्रत्येक वस्तूपुढे रॅक नंबर हवा. किरकोळ. दुपारी भर घातली.

११ मार्च, संध्याकाळी ६
जुन्या नोंदी उघडत नाहीत. नव्या साच्यात बसवताना अर्ध्यावर तुटल्या. बॅकअप घेतला होता. भर घातल्यानंतर. जुन्याच डिस्कवर, आधीचा बॅकअप पुसून.

१२ मार्च
वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोहे खाल्ले.

१५ मार्च
कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, एकतीस मार्चच्या वर्षअखेरच्या माल-मोजणीआधी सगळं परत हवं, नाहीतर काम दुसऱ्याला. रॅकवर टांगलेली मालाच्या नोंदींची कार्डं आहेत म्हणून वाचलो. स्टोअरचा लहानू ती अजून हातानं भरतो. चार हजार शंभर. म्हणाला, साहेब, पेन्सिलीला लाइट लागत नाय.

१८ मार्च
तीन दिवसांत चारशे कार्डं. मनोज फक्त टाइप करतो. पद्धत चुकलेली नाही. गिऱ्हाईकच तिच्यासाठी लवकर आलं.

२० मार्च, शनिवार
क्लबात नऊ जण. तिसऱ्या मिनिटाला भाषण थांबलं. पुढचं आठवेना. मागून कुणी विचारलं, आता नोंदी कशात भरताय? म्हणालो, टेबलांत. कुणी हसलंही नाही. मग जे बोललो ते असं: बंधूंनो, उद्या सकाळी आठला अंबडच्या स्टोअरमध्ये या आणि प्रत्येकी दोनशे कार्डं टाइप करा.