परत आलेली कोरी अंडी

देवास
गुरुवार, १२ मार्च २०२६

सुरेखास उमाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक, तू तिकडे ठीक असशील, ते सगळं नंतर. आधी मला हे सांग, टोकरी परत पाठवताना तुला काहीच कसं वाटलं नाही? चाळीस अंडी मी एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळली होती. धारच्या बसच्या कंडक्टरला हात जोडून म्हटलं, भिया, मांडीवर ठेवून ने, कागदाची आहेत. त्याने नेली. तू तशीच्या तशी परत दिलीस आणि येताना त्याने टपावर टाकली. दोन चेपली. वर चिठ्ठी काय, तर "जाऊबाई, माझा हात चालतो का ते आधी विचारून घ्या."

कोणाला विचारू? अंजूच्या शाळेतल्या सिस्टरला? तिचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. तिला कसली सवाष्ण नि कसलं काय.

मी टोकरीत चिठ्ठी ठेवली नव्हती, हे खरं आहे. तीन वर्षांनी नुसती अंडी पाठवली, रंगव म्हणून, हेही खरं आहे. पण तू फोन उचलत नाहीस. चौथी पास बाईला पत्र लिहायला बसवलंस. अंजू म्हणाली, आई तू बोल, मी लिहिते. मी नको म्हटलं. एक तर हिंदी शाळेत शिकलेली पोर, तिला मराठी वाचतानाच दम लागतो. दुसरं, काही गोष्टी पोटच्या पोरीकडून लिहून घेण्यासारख्या नसतात.

पाकिटावर नाव घालताना तात्या म्हणाले, धाकट्या सुनेच्या नावामागे गं. भा. लिही, तशी रीत आहे. मी लिहिलं नाही. नुसतं सुरेखा लिहिलंय. कंडक्टरला तेवढं पुरतं.

आता काम काय आहे ते नीट ऐक. अंजू ज्या शाळेत लहान मुलांना शिकवते तिथे पाच एप्रिलला ईस्टर आहे. त्या दिवशी बगिच्यात अंडी लपवतात आणि मुलं ती शोधतात. अर्ध्या मुलांच्या घरी अंड्याचं नाव चालत नाही, म्हणून सिस्टर म्हणाल्या कागदाची करा, आत टॉफी घालू. आमची अंजू लगेच बोलून बसली, आमच्या घरी तीन पिढ्या कागदाच्या लगद्याचे मुखवटे होतात, आई करेल. एकशेवीस अंडी. अठ्ठावीस तारखेला द्यायची.

गेल्या वर्षीच्या रंगपंचमीचे पाण्याचे छोटे फुगे होते, त्यांच्यात हवा भरली. त्यावर कागदाचे तुकडे खळीने चिकटवले, पाच थर. वाळल्यावर फुगा फोडला, टोकाला टॉफीसाठी झाकण कापलं की झालं अंडं. खळीत मी मेथीची पूड घातली, मुखवट्याला घालतो तशी, कीड लागू नये म्हणून. नमुना घेऊन अंजू शाळेत गेली तर सिस्टरने उघडलं आणि विचारलं, यात लोणचं होतं का? टॉफीला वास लागला होता. मग सगळी अंडी चार दिवस उन्हात, झाकणं उघडी टाकून. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तुझे मोठे भावोजी कपडे वाळत घालायला गेले आणि शिव्या देत खाली आले.

रंगाचं तर त्याहून वाईट. ताटलीत रंग कालवताना माझा हात सवयीने चालला. पहिली वीस अंडी मी महालक्ष्मीच्या मुखवट्याच्या रंगाने रंगवली, तोच गव्हाळ गुलाबी. ओळीने मांडली तर हे म्हणाले, "काय गं, देव्यांना टक्कल पडलं की काय?" अंजू हसून हसून खाली बसली. मी सगळ्यांवर पुन्हा पांढरा सफेदा मारला.

मग अंजूने मोबाईलवर सोपे प्रकार दाखवले. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून टेकवायचा. जुन्या दातब्रशावर बोट ओढून शिंतोडे उडवायचे. अंड्याला दोरा गुंडाळायचा, वर रंग मारायचा, दोरा सोडला की पांढऱ्या रेघा राहतात. मेणबत्तीने ओढलं की तिथे पाण्याचा रंग धरत नाही, ते तर मला फारच आवडलं. ऐंशी अंडी मी एकटीने केली. चांगली झालीत. मी स्वतःचं कौतुक करत नाही, तुला ठाऊक आहे.

उरली चाळीस. ती पाहुण्यांच्या टेबलावर मांडायची आहेत. सिस्टरला त्यावर बारीक काम हवं आहे, वेल, फुलं, चिमण्या. एका केसाच्या कुंचल्याचं काम. अंजूला मी सांगितलं, मला वेळ नाही, धारला पाठव.

वेळ होता, सुरेखा.

मी एक जास्तीचं अंडं घेऊन बसले होते. चिमणी काढायची म्हणून कुंचला टेकवला आणि हात आपोआप डोळ्याकडे गेला. मुखवट्याचा डोळा. म्हटलं, निघतोय तर निघू दे, कोण बघतंय. काढला. शेजारी दुसरा काढला. एक आभाळात, एक जमिनीवर. अंडं रागावून माझ्याकडे बघत होतं. मी ते चुलीत घातलं.

मुखवट्यांचंही तसंच चाललंय. हे मी घरात बोललेले नाही. तू गेल्यापासून तीन गणपती झाले. पहिल्या वर्षी राजगढच्या बाईने जोड परत आणला. म्हणाली, "उमाबाई, देवी बघते की धमकावते?" मी तिला म्हटलं, तुमच्या घरचा दिवा नीट लावा. दुसऱ्या वर्षी ती आली नाही. सोनकच्छचे लोक आले, मुखवटे हातात फिरवले आणि विचारलं, "छोटी बाई कुठे आहेत?" गेल्या वर्षीही विचारलं. डोळा वाकडा आला की मी रंग आळतोय म्हणायचे आणि ते थंडीवर ढकलायचे. भाद्रपदात कसली थंडी.

आणि परवा धारच्या नर्मदाबाई देवीच्या टेकडीवर दर्शनाला आल्या होत्या, त्या घरी डोकावल्या. म्हणाल्या, सुरेखा धारला भावाकडे साड्यांना फॉल लावते, कुंचल्याला हात लावत नाही. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, ते तुम्हालाच ठाऊक.

ठाऊक आहे.

दीपेशभावोजी गेले त्या वर्षी तू मागच्या खोलीत बसून डोळे काढत होतीस. मी आले आणि तुझ्या हातातून कुंचला घेतला. म्हटलं, गिऱ्हाइकं बोलताहेत, देवीचे डोळे सवाष्णीनेच काढावेत, आता तू काढू नकोस. तू ताटली सारून उठलीस. एक डोळा झाला होता, दुसरा मी काढला. तो मुखवटा मी विकला नाही, मोडलाही नाही.

कोणी बोललं नव्हतं, सुरेखा. एकही गिऱ्हाईक. उलट, लोक दुकानात पाय ठेवला की म्हणायचे, डोळे छोट्या बाईंच्या हातचे द्या. बावीस वर्षं लगदा मी कुटला, साचा मी भरला, सफेदा घासून घासून माझी नखं गेली, आणि नाव डोळ्यांचं. भावोजी असेपर्यंत मी गिळलं. ते गेले आणि मला बोलायला जागा मिळाली. म्हणजे तुझं कुंकू गेलं ती मला जागा वाटली. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं, तसंच राहू दे.

काल जेवताना घरात सांगितलं. तुझी चिठ्ठी वाचून सगळ्यांनी विचारलं, हात चालतो का म्हणजे काय? मग सांगावंच लागलं. तात्यांचा घास हातात राहिला. मी त्यांना तेव्हा सांगितलं होतं की सुरेखाला आता सोसत नाही म्हणून ती आपण होऊन चालली, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. म्हणाले, "माझी आई तिसाव्या वर्षी विधवा झाली. मेली तोवर तिनेच डोळे काढले. सुरेखाला मी शिकवलं ते तिचंच काम आहे."

मला ते माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं. लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं.

हे उठले, हात धुतले आणि दुकानात गेले. रात्री जेवायलाही आले नाहीत. अंजू आज माझ्याशी बोलत नाही. बोलेल, तिला अंडी वेळेवर हवी आहेत.

मी माफी मागत नाही. मला ते नीट जमत नाही, आणि मागितली तर तू "जाऊ द्या जाऊबाई" म्हणशील आणि गोष्ट तिथेच मिटवशील. मला ती तशी मिटायला नको आहे. म्हणून कामाचंच विचारते.

टोकरी याच कंडक्टरबरोबर पुन्हा पाठवते आहे. अडतीस अंडी आहेत. रंग आणि तुझे कुंचले वेगळ्या झोळ्यात आहेत. कुंचले मी वापरले नाहीत, एकदा सोडून. अंडी केलीस तर शाळेला तुझं नाव सांगणार, माझं नाही. आणि अक्षय तृतीयेला मुखवट्यांचा पहिला साचा भरायचा आहे. या वर्षीपासून डोळे तू काढ. मागच्या खोलीत नाही, दुकानात, पुढच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी बसून. कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. तुला धारहून यायचं नसेल तर मुखवटे तिथे पाठवीन, पण तू नाही म्हणालीस तर या घरात मुखवटे होणार नाहीत. तात्यांनाही तसं सांगितलंय.

पुढच्या गुरुवारी पाडवा आहे. त्या दिवशी संध्याकाळच्या बसपर्यंत मला उत्तर हवं. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही, शिव्या द्यायच्या असतील तर त्याही लिही, पण कागदावर, तुझ्या अक्षरात. मी सहा वाजता स्टँडवर उभी असेन.

त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललेली
तुझी जाऊ,
उमा