चढावर उतरलेली माणसं

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? मामींनी गॅरेजातली सिगारेट बंद केली हे ऐकून आईला फार बरं वाटलं. तुमचं तुम्ही बघा.

पिकअप निवडून दिलीत, तुमचे उपकार कसे फेडू? आजोबांच्या जुन्या मोटारीच्या टपावर आम्ही चार खुर्च्या बांधायचो आणि पाचवी आईच्या मांडीवर जायची. आता अख्खं कपाट मागे हौद्यात गादीवर आडवं पडून जातं, एक ओरखडा नाही. मोटारीला हँडल मारा, चोक ओढा, दोन शब्द लाडाचे बोला, मग ती खोकत उठायची. ही बटण दाबलं की हजर. फक्त हिला बोलायची खोड आहे. पट्टा लावला नाही, टूं टूं. दार नीट लागलं नाही, टूं टूं. (मोटारीचं डावं दार वीस वर्षं सुतळीनं बांधलेलं होतं, तिनं कधी ब्र काढला नाही.) शेवटी मी त्या टूं टूंकडे कानाडोळा करायला लागले आणि तिथेच घात झाला.

तुम्हाला ठाऊकच आहे, बाबांना न विचारता मी मोटार तुमच्याकडे दुरुस्तीला धाडली, तेव्हापासून आठ महिने ते माझ्याशी बोलत नव्हते. सुतारकाम दोघांचं एकाच छपराखाली, रंधाही एकच, आणि निरोप मात्र आईमार्फत: "तुझ्या लेकीला सांग, सरस संपलाय." परवा टेकडीवरच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट पोचवायचं होतं. माझ्या हातून ते धड पोचणार नाही या खात्रीने बाबा आले आणि निरोप्या म्हणून आई. दोघं मागच्या सीटवर. चढाच्या पायथ्याशी समोरून टँकर आला म्हणून मी थांबले, तो गेल्यावर निघाले. गाडी टूं टूं करत होती, करू दे म्हटलं. बाबांचं तोंड दिसत नाहीये तोवर बोलून टाकावं, म्हणून रस्त्यावरची नजर न काढता मी माफी मागायला लागले. चुकले म्हणाले. बाबा, मोटार तुमच्या वडिलांची, ती परस्पर हलवायचा मला काय हक्क, म्हणाले. थोडी रडलेसुद्धा. मागून हूं की चूं नाही, पण त्याची सवयच झाली होती. वर पोचून वळून बघते तर सीट रिकामी!

मामा, चढ आला की मोटारीतून उतरायचं आणि ढकलायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. दोघं पायथ्याशीच उतरली होती, बाह्या वर सारून. हात लावतायत तोवर गाडी पसार! मी धावत खाली सुटले (कंबर तिथेच धरली). अर्ध्या वाटेत बाबा धापा टाकत उभे. आठ महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढी घाई होती तर आम्हाला आणलंस कशाला?" आणि हसायला लागले. आई तर रस्त्याच्या कडेला बसूनच हसली. तुमच्या गाडीने बाबांना बोलतं केलं, मामा. मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

मामींना नमस्कार सांगावा.

तुमची सुतारीण भाची

ता. क. खरं काम राहिलंच. "मी एवढं बोलले आणि तुम्ही गाडीत नव्हतात!" असं माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून बाबा रोज विचारतायत, काय बोलत होतीस? त्यांच्यासमोर पुन्हा ते बोलायचा धीर होत नाही. तुमचं ते ऐकतात. फोन करून तेवढं सांगाल का?

आणखी एक. पत्र टपालात टाकायला बाबाच निघालेत. पाकीट मी चिकटवलेलं नाही. तेव्हा फोन नाही केलात तरी चालेल.