खिळ्यावरचं कॅलेंडर

मॅडम, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि आता तर काहीच वाचता येत नाही, तेव्हा मी बिनधास्त लिहिते. दहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. गेल्या महिन्यात मला साठ पूर्ण झाली. कंपनीने केक कापला, पाठ थोपटली आणि व्हिसा रद्द करायचे कागद पुढे सरकवले. घरी तर निकाल आधीच लागलाय. नवरा म्हणतो, खलास, आता पुण्याला जायचं. तिथला फ्लॅट तयार आहे, पडदेसुद्धा लागलेत. मला कुणी विचारलं नाही. आणि मी जाणार नाही, हे कागदावर उतरवायचं म्हटलं तर तुमच्याशिवाय दुसरं कोणी आठवेना.

इथे आखातात, हमरियाच्या रंगाच्या कारखान्यात लॅब उभी करायला अमेरिकेतून बाई येणार म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी एक उंच, नटलेली बाई डोळ्यांसमोर आणली होती. आलात तुम्ही: सहासष्ट वर्षांच्या, बुटक्या, पुरुषी बूट घातलेल्या, इंग्रजीचा एकेक शब्द टेबलावर आपटत बोलणाऱ्या. एकोणिसाव्या वर्षी जर्मनीतून बोटीने एकट्या अमेरिकेला गेलात, रंगाच्याच कारखान्यात बाटल्या धुतल्यात, धुता धुता लॅबच्या प्रमुख झालात, दोन मुलं वाढवलीत, नवऱ्याला मूठमाती दिलीत. हे सगळं तुम्ही मला एका दुपारी, रंगाचा नमुना वाळेपर्यंतच्या वेळात सांगितलंत, काल भाजी कुठली आणली ते सांगावं तसं. कौतुक करणं तुमच्या गावीच नव्हतं. माझं टेबल बघून मात्र पहिल्याच आठवड्यात बोललात. त्यावर ना फोटो, ना झाड, ना स्वतःचा कप. "पोलीस लागलेत का तुझ्या मागे?" असं सगळ्यांसमोर विचारलंत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर चिडले. हिला काय कळतंय आमचं!

तरी शुक्रवारच्या सुट्टीला जेवायला बोलावलं, कारण एकटी म्हातारी बाई रोज कॅन्टीनचं गिळते ते बघवेना. अल मनखूलचं हेच घर. तुमच्यासाठी फिकं वरण केलं होतं, तर तुम्ही आमच्या ताटातला ठेचा मागून घेतलात आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी सोडला नाहीत. मग तुमची नजर कपाटावर गेली. छतापर्यंत खोकी रचलेली. टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं, आतल्या थर्माकोलसकट. तेव्हा आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात ती असायची, परत जाताना सामान नीट बांधता यावं म्हणून. दोन वर्षांनी जायचं, मग आणखी दोन वर्षांनी. भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, घरमालक डिपॉझिट कापेल. मी हे समजावून सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलंत, थँक्यू म्हणून निघून गेलात. पुढच्या शुक्रवारी न बोलावता दारात हजर. पिशवीतून हातोडी काढलीत आणि हॉलच्या भिंतीत, बरोब्बर मधोमध, खिळा ठोकलात. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही. लॅबच्या पहिल्या दिवशीचा आपल्या दोघींचा फोटो फ्रेम करून आणला होतात, तो माझ्या हातात दिलात. म्हणालात, "सत्तेचाळीस वर्षं लोक मला विचारतात, तू कुठली? मी सांगते, ह्याच गल्लीतली. पटत नसेल तर त्यांनी गल्ली बदलावी." हातोडी इथेच ठेवून गेलात. अजून आहे.

परवा शनिवारी नवऱ्याने ती खोकी खाली उतरवली. टीव्ही भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली, खोकं मात्र ठणठणीत. लेक तिच्या मरीनाच्या घरून आवराआवरीला आली होती. त्याने माझ्या हातात चिकटपट्टी दिली आणि मी म्हटलं, मी येत नाहीये. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. अगं, तिथे आपली माणसं आहेत, म्हणाला. कोण माणसं? दोघांचेही आईवडील गेले. मी पुण्यात पाऊल ठेवलं की जो तो विचारतो, परत कधी निघणार? आणि इथे लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, इंडियाला कधी जाणार? दोन्हीकडचे मला कुठेतरी पाठवायला टपलेत. मी आले तेव्हा तेहतीस वर्षांची होते. ह्या घराच्या भिंती मला माझ्या माहेरापेक्षा जास्त ओळखतात. लेकीने चिकटपट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "आई, यू लिव्ह हिअर. मी तुला स्पॉन्सर करीन ना, माझ्या व्हिसावर." तिच्या बापाने विचारलं, "आणि मी?"

"तू जाऊन ये," मी म्हटलं. "मी ह्याच गल्लीत आहे."

त्याने काल तिकीट काढलंय, एकच. मला भीती वाटते, मॅडम. पस्तीस वर्षांचा संसार आहे, एक कप चहा करायचा तर दूध किती घालायचं हेसुद्धा मला कळणार नाही. कदाचित तो महिन्याभरात कंटाळून येईल, कदाचित नाही येणार. नाही आला तरी मी जाणार नाही. तुमचा अख्खा जन्म परक्या देशात गेला आणि शेवटपर्यंत तो परका म्हणायला तुम्ही तयार नव्हतात. मग मी का म्हणू?

एक राहिलंच. तुम्ही अमेरिकेला परतल्यावर तिथून तुमचं शेवटचं पत्र आलं होतं, अक्षर थरथरलेलं, त्यात एकच प्रश्न होता, खिळ्यावर फोटो लावलास का? मी लगेच उत्तर धाडलं, लावला, रोज बघते. खोटं लिहिलं होतं. त्या खिळ्यावर सत्तावीस वर्षं खालच्या किराणावाल्याचं फुकटचं कॅलेंडर लटकतंय, दर जानेवारीत नवं, कारण एका वर्षापुरतं काहीही चालतं. आज सकाळी ते काढलं आणि फोटो शोधायला लागले. अख्खं घर पालथं घातलं. शेवटी सापडला मिक्सरच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला, न्यायला अगदी तयार. नवऱ्याला विचारायला गेले नाही. गाठ माझ्याच हातची होती.