खालच्या कोपऱ्यातली ओल

अण्णा, होसकोट्याच्या आपल्या मळ्यात मी गुलाबांच्या मातीत सेन्सर बसवलेत. पेन्सिलीएवढ्या दांड्या, एक वीतभर खोल, दुसरी हातभर. मातीत ओल किती ते त्या सांगतात आणि त्यावरून ठिबकचं पाणी आपोआप सुरू होतं, बंद होतं. बंगळुरात जयनगरच्या घरात बसून तुमच्या लेकीला फोनवर सगळं दिसतं. "पण ह्याला कळतं कसं?" हा तुमचा पहिला प्रश्न असता. बसवायला आलेल्या मुलीला मीही तोच विचारला आणि उत्तर पुरतं समजेपर्यंत तिला सोडलं नाही.

मागच्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यातली रोपं मलूल झाली. तोच कोपरा. मी दहावीत होते, तुम्ही आठवडाभर परगावी गेला होतात आणि पंप माझ्यावर सोपवला होता. मी तो रोज लावला, अगदी वेळेवर. तरी तिथली सगळी रोपं माना टाकून बसली. परत आल्यावर तुम्ही सगळ्या कामकऱ्यांसमोर म्हणालात, "पाणी दिलं म्हणून खोटं सांगतेस? तुझ्या हातात मळा देता येणार नाही." पंपघराची किल्ली त्यानंतर मला कधीच मिळाली नाही.

आता यंत्र पाणी सोडेना. तुमच्या वेळेपासून कामाला असलेली अक्का चिडली. "पानं बघ की! स्वल्प, थोडं तरी पाणी सोड. आंधळं आहे तुझं यंत्र." मलाही तसंच वाटत होतं. पण वरची दांडी कोरडं म्हणतेय, खालची चिंब. दोघींतली खरी कोण? राहवेना, म्हणून कुदळ घेतली. हातभर खाली चिकण मातीचा थर, त्यावर पाणी तुंबलेलं, मुळं काळी पडून कुजलेली. तहान नव्हतीच, रोपं बुडत होती. अक्काने वाकून एक काळं मूळ बोटांत चुरडून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हाही तू पाणी दिलं होतंस."

चर खणून आम्ही ते पाणी काढून दिलंय. निम्म्या रोपांना नवे फुटवे आलेत.

तुम्ही असतात तर चपला काढून आधी खड्ड्यात उतरला असतात, ते मुळं हुंगायला. रागावण्याचं नंतर सुचलं असतं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते: त्या खड्ड्यात उभी असताना मला रोपांचं वाईट वाटलं नाही. तुम्ही चुकला होतात, याचा आनंद झाला. रडू नंतर आलं.