जास्वंदीचा शर्ट

१ जून, रविवार

हे रिटायर झाले! काल संध्याकाळी डोलवीच्या कारखान्यातून कंपनीच्या गाडीने घरापर्यंत आणून सोडलं. गळ्यात हार, हातात शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. वाडीतली पोरं गाडीमागे धावली. शेजारची गोदूबाई ओवाळायला आली. हे सगळ्यांशी हसून बोलत होते. पण हार काढला तरी शर्ट काढेनात. निळा, खिशावर कंपनीचं नाव असलेला. जेवले पण त्याच्यातच.

"काढा की आता," मी म्हटलं.

"काढतो गो. घाई काय हाय?"

२ जून, सोमवार

पहाटे उठले. दाढी केली. दुसरा निळा शर्ट इस्त्रीचा घातला आणि पडवीत खुर्चीवर जाऊन बसले. जायचं कुठेच नाय! मी चहा नेऊन दिला.

४ जून, बुधवार

त्या शर्टाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण मला माहीत आहे. आधी किती वर्षं ठेकेदाराकडे होते. ठेकेदाराच्या माणसांना केशरी जाकीट. पर्मनंट झाले तेव्हा निळा मिळाला. त्या दिवशी तोच घालून बापाच्या पाया पडले. सासरे मिठागरावर राबलेले, पायाच्या भेगा कधी बुजल्या नाहीत. त्यांनी खिशावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" "कंपनीचं नाव, बाबा." परत एकदा बोट फिरवलं.

तेव्हापासून लग्न असो, बँक असो, लेकीच्या, नमिताच्या शाळेतली मीटिंग असो — निळा. हे म्हणायचे, "साध्या शर्टात कोण बसा पण म्हणत नाय." खरंच होतं. आणि मी काय कमी मिरवलं? निळ्या शर्टाच्या बाजूने चालले की मला पण खुर्ची मिळायची.

७ जून, शनिवार

आज वडखळ नाक्यावर भाजीला गेले. निळा घालूनच. सेकंड शिफ्टची पोरं बसची वाट बघत उभी होती. त्यात आपल्या वाडीतला अमोल पण. तो म्हणाला म्हणे, "जनूकाका, आता कुठली शिफ्ट? घरची?" सगळे हसले. अमोलचं मन वाईट नाय, बोलून गेला. पण हे भाजी न घेताच परत आले. पिशवी तशीच खुंटीला अडकवली. शर्ट काढला, लुंगी नेसली.

जेवताना एवढंच म्हणाले, "त्याचं काय चुकलं? माझा नाय तो शर्ट आता."

११ जून, बुधवार

घराबाहेर पाऊल नाय. लुंगी-बनियनवर पडवीत बसायचं. रस्त्याने कोणी आलं की उठून आत.

रोह्याहून नमिताचा फोन. बारसं एकोणतीसला, तिच्या सासरीच. दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण तिकडेच झालं. त्यामुळे नातीला ह्यांनी अजून मांडीवर पण घेतलेलं नाय. मला वाटलं खूश होतील. तर म्हणतात, "तू जाऊन ये."

"आणि तुम्ही?"

"काय घालून जाऊ?"

नमिताचे सासरे हैबतराव हेडमास्तर होते. कडक पांढरा झब्बा. असा कडक की माणूस बसला तरी झब्बा उभाच! त्यांच्या शेजारी बसायची ह्यांना भीती वाटते आहे. काय घालून जाऊ म्हणजे कोण म्हणून जाऊ — एवढं मला कळतं.

१५ जून, रविवार

पेणला जाऊन दोन शर्ट आणले. एक पांढरा, एक बिस्किटाच्या रंगाचा. सभ्य. ह्यांना साजेसे. पांढरा घालून आरशासमोर उभे राहिले, लगेच बटणं काढायला लागले.

"कोणाच्या तरी मयताला आल्यासारखा दिसतो."

मी चिडले. "नातीच्या बारशाला आजा आला नाय, हे मी चार माणसांत कोणत्या तोंडाने सांगू?" हे भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत. मी पण नाय.

१८ जून, बुधवार

आज नवीनच ऐकलं! इतक्या वर्षांत कधी बोलले नाहीत.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. हे आपणहून जवळ येऊन बसले. सुपात बोटं घालून खडे शोधायला लागले. मग खाली बघूनच म्हणाले — "लग्नाआधी एक शर्ट होता माझा. लाल. त्याच्यावर पिवळी फुलं. एवढी एवढी." हाताने दाखवलं. जत्रेतून घेतलेला. पालखीपुढे नाचले तो घालून. घरी आले तर बाप म्हणाला, मिठागरावरच्या पोराला असला रंग कशाला? लोक हसतील.

"मग?"

"मग काय. परत नाय घातला. आयेने गोधडीला लावला."

"म्हणजे तुम्हाला फुलं आवडतात?"

नवरदेवासारखे लाजले हो! "आवडतात म्हणजे... बघायला बरी वाटतात."

आणि मी काय घेत आले यांना? करडे रुमाल. चॉकलेटी स्वेटर. राखाडी शाल. मला वाटायचं, ह्यांना साधंच लागतं. हे पण कधी नको म्हणाले नाहीत.

२२ जून, रविवार

पेणला गेलो. दोघं! लुंगी सोडून पँट आणि बिस्किटाचा शर्ट चढवला त्यांनी, रिक्षात बसेपर्यंत मान खाली.

दुकानदार म्हणाला, "काकांना सोबर दाखवतो." मी म्हटलं, "फुलांचे दाखवा."

"मुलासाठी का?"

"नाय. ह्यांच्यासाठी."

ह्यांचे कान लाल झाले. पण गठ्ठा समोर पडल्यावर हात आपोआप पुढे आला. एकेक उलटून बघत होते. पोपटी नको, ताडाची झाडं नकोत. मग एका शर्टावर हात थांबला. गर्द हिरव्यावर लाल जास्वंदी. घालून बाहेर आले. आरशात एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. छातीवरून हात फिरवला, हळूच.

"जास्त होतंय का गो?"

"होऊ द्या."

येताना रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसले होते. मी बघितलं, पिशवीच्या तोंडातून आत डोकावत होते.

२८ जून, शनिवार

घोळ! "उद्या निळाच घालतो. निदान लोकांना ठाऊक हाय तो." मी निळा आणि जास्वंदीचा, दोन्ही इस्त्री करून पलंगावर ठेवले.

२९ जून, रविवार

घरी आलो. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय चैन नाय.

सकाळी मी वेणी घालत होते. मागे वळून बघते तर दारात जास्वंदीचा शर्ट! मी मुद्दाम जास्त बघितलं नाय. "चला, उशीर होतोय" एवढंच म्हटलं.

एसटीत बरे होते. रोह्याला हॉलमध्ये पाय टाकला आणि चेहरा उतरला. सगळीकडे पांढरे झब्बे, कोणाचा कोट. बायकांच्या पैठण्या. मागून कोणीतरी बोललं — "नमिताचे वडील ना हे? कंपनीत होते म्हणे." आणि दबलेलं हसू. ह्यांनी ऐकलं. सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसले. खांद्यावरचा नॅपकिन काढला आणि छातीवर पसरून धरला. मीच आणलं ना यांना असं!

तिकडे पोरगी रडायला लागली. कशी रडते! पाळण्यात घातली, रडते. आत्याने घेतली, रडते. हैबतरावांनी घेतली तर आणखीनच. त्यांचा कडक झब्बा टोचला असेल बिचारीला. कृष्णाबाई, म्हणजे नमिताच्या सासूबाई, खुळखुळा वाजवून थकल्या.

नमिता उठली. तिला सगळं दिसत होतं वाटतं. सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत मागे आली. "बाबा, धरा जरा हिला."

दोन्ही हात लागणार. नॅपकिन बाजूला ठेवावाच लागला.

पोरगी छातीशी आली, एक हुंदका दिला आणि थांबली. डोळे मोठे करून बघत राहिली, लाल फुलाकडे. मग दुसऱ्या फुलाकडे. मग मुठीत शर्ट पकडला तो सोडेना. अख्खा हॉल वळून बघतोय! हे नुसते तिच्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पाळण्यात घालायला घेतली की रडे. शेवटी ह्यांच्या मांडीवरच नाव ठेवलं. रेवा.

जेवणं झाल्यावर हैबतराव आपली खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी आले. मला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलणार.

"व्याही, एक विचारू? असा शर्ट घालायला धीर कसा झाला?"

"धीर कसला... हिने इस्त्री केला."

हैबतराव हसले. मग म्हणाले, "मला निळी-पिवळी चौकडी फार आवडायची. पण शाळेत मुलं हसतील म्हणून जन्मभर पांढरं."

"आता शाळा कुठे हाय, गुरुजी?"

दोघं एवढे मोठ्याने हसले की कृष्णाबाई बघायला आल्या, काय झालं म्हणून.

३० जून, सोमवार

निळे शर्ट धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवले. मी नाय — ह्यांनीच. मग भाजीला गेले. नाक्यावर. घेऊन आले भाजी.

३ जुलै, गुरुवार

कपाट आवरत होते. हे दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "एवढ्या साड्या! ह्यातली तुझी आवडती कुठली?"

एकेक काढून बघितली. ही भावाने दिलेली. ही ओटीतली. ही व्याह्यांकडची, परवाची. ही नणंदेच्या लग्नातली. सगळ्या कोणी ना कोणी दिलेल्या. दुकानात जाऊन, बोट दाखवून, मी म्हणून घेतलेली — एक पण नाय.

"मग रंग तरी कुठला आवडतो गो तुला?"

मला सांगता येईना. खरंच येईना! साडी हातात धरून तशीच खाली बसले.

हे पण शेजारी येऊन बसले. म्हणाले, "घाई नाय. आठव."