विमानांचं बारसं

वारजे, पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सलिल यास,
ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. मोबाइलवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हे कागदी पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

रविवारी सोसायटीच्या महिला मंडळात माझं भाषण झालं. विषय, विमानांची नावं. मिग-२१ निवृत्त झाल्यापासून बाबांची फार आठवण येते रे. लोहगावला विमानं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि घरी आले की आपल्याला नावांचे धडे! तेच सांगितलं. आधी सगळी विलायती नावं, हंटर, कॅनबेरा. फ्रान्सच्या उरागां विमानाला आपण तूफानी म्हटलं, नॅट सुधारून घेतलं तेव्हा त्याचं अजित केलं. रशियाची यायची ती नुसती अक्षरं आणि आकडे घेऊन. मिग-२७ ला बहादूर, मिग-२९ ला बाज ही नावं आपण ठेवली. आता तेजस तर घरचंच. मंडळाला खरं म्हणजे पाककृती हवी होती, त्यामुळे अर्ध्या बायका डुलक्या काढत होत्या.

कांताबाई तेवढ्या जाग्या. म्हणाल्या, "अहो बाई, मग या विमानांची आत्या कोण हो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

मावशीच्या नम्रताने तुझ्या मुलीचे फोटो दाखवले. नाक थेट बाबांचं. पाळणा छान सजवला होतात. कानात नाव सांगायला कोणी दुसरीच वाकलेली होती. नम्रताला नाव माहीत आहे, पण मी विचारलं नाही. सख्ख्या भाचीचं नाव मावसबहिणीकडून जाणून घ्यायचं? इतकी वाईट वेळ अजून आलेली नाही.

बाबांच्या तेराव्याला मी बोलले ते बोलले. त्यांच्या आजारपणात तू फिरकला नाहीस, हे खरंच होतं. शब्द परत घेणार नाही. पण भांडण आपलं दोघांचं, त्यात त्या पोरीचा काय संबंध?

भाषणात एक गोष्ट मी मुद्दाम गाळली. रशियाचं नवं विमान दिसलं की अमेरिकेकडच्यांना त्याचं खरं नाव कळायचं नाही. मग लांबून काढलेल्या फोटोवरून ते स्वतःच नाव ठेवायचे, लढाऊ असेल तर एफ अक्षरावरून, बॉम्ब टाकणारं असेल तर बीवरून. बाबा हे सांगताना खूप हसायचे. मला आता हसू येत नाही. मीही तेच करते आहे, सलिल. मी तिला ठमी म्हणते. सकाळी चहा ठेवताना विचारते, "ठमे, उठलीस का गं?" घरात दुसरं बोलायला आहे कोण?

कानात सांगायचा मान गेला तो गेला. निदान तिचं नाव माझ्या कानावर तरी घाल. एक ओळ पुरे. रागाने लिहिलीस तरी चालेल.

तुझी ताई,
आणि तिची आत्या, तू मान किंवा मानू नकोस.